गाडी दीड मीटरवर का थांबली?

गाडी बघायला झकास झालीये. मागे दोन सीडींची चाकं, पुढे बाटलीच्या झाकणांची छोटी चाकं, मधे सनबोर्डची चेसिस आणि तिच्यावर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला, खटकन मिटणारा उंदराचा चाप. चापाच्या कमानीला लांब दांडा बांधलाय. दांड्याच्या टोकाला दोरा, आणि दोरा मागच्या अ‍ॅक्सलवर गुंडाळलेला. ग्रुपमधल्या एकाने मोबाइल धरलाय, कारण रील तर झालंच पाहिजे. तुम्ही दांडा सोडता. गाडी सुटते, दीड मीटर जाते आणि कुणीतरी मागून शेपूट ओढावं तशी गपकन थांबते. स्पर्धा परवा आहे. नियम एकच, जी गाडी सगळ्यात लांब जाईल ती जिंकली. आणि शेजारच्या डिव्हिजनची गाडी म्हणे कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

यानंतर जे होतं ते तुम्हाला माहीत आहेच. एक म्हणतो, स्प्रिंगच ढिली आहे, नवीन चाप आणू. दुसरी म्हणते, चाकांत तेल सोड. तिसऱ्याने यूट्यूबवर बघितलंय, त्यात दांडा बराच लांब होता, म्हणून आपलाही लांब करायचा. चौथा हळूच सुचवतो की हॉस्टेलवर एका सीनियरची गेल्या वर्षीची गाडी पडली आहे, रंग मारून तीच नेऊ. मग रात्री बारापर्यंत नवा चाप, तेल आणि लांब दांडा असं सगळं एकदम केलं जातं. गाडी आता ऐंशी सेंटिमीटर जाते. नेमकं कशामुळे बिघडलं, हे चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

अशा रात्री तुमच्या हाताशी असावा म्हणून हा लेख. अमेरिकेत ही गाडी शाळेतल्या फिजिक्सच्या वर्गात अनेक वर्षांपासून बनवली जाते. आपल्याकडे ती साधारण इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला किंवा कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमध्ये भेटते. बनवायला एक संध्याकाळ पुरते. चालवायला मात्र डोकं लागतं.

आधी हिशेब, मग पाना

पहिली गोष्ट, तुमच्याकडे इंधन किती आहे ते बघा. साध्या लाकडी पट्टीच्या चापाची स्प्रिंग पूर्ण ताणली की तिच्यात ढोबळमानाने अर्धा ते एक ज्यूल ऊर्जा साठते. एक ज्यूल म्हणजे किती? खिशातला दोनशे ग्रॅमचा फोन कानापर्यंत उचलताना तुमचा हात जवळपास तेवढं काम करतो. बस, एवढंच. या एवढ्याशा पुंजीवर दहा-पंधरा मीटर जायचंय. त्यामुळे इथे गाडीला जोर कमी पडतो असं म्हणण्यापेक्षा जोर कुठे गळतो हे शोधणं जास्त फायद्याचं.

तुमच्या चापाचा नेमका आकडा हवा असेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा आणा. काट्याचा हुक चापाच्या मूळ कमानीत अडकवा, कमान दर तीस अंशांवर धरून काट्याचं रीडिंग घ्या, काटा कमानीला काटकोनात ओढायचा हे विसरू नका. किलोमधलं रीडिंग गुणिले ९.८ गुणिले कमानीची मीटरमधली लांबी, हा झाला त्या कोनातला टॉर्क. कोन रेडियनमध्ये घेऊन ग्राफ काढा, ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजे तुमची ऊर्जा. ग्राफ जवळजवळ सरळ रेषेत येतो, कारण स्प्रिंग जितकी पिळावी तितक्या प्रमाणात ती उलटा जोर लावते. हा रॉबर्ट हूकचा नियम. या गृहस्थांनी १६७६ साली तो अक्षरांची उलटापालट केलेल्या कोड्याच्या रूपात छापला, म्हणजे शोध आपल्या नावावर राहील पण इतरांना कळणार नाही, आणि उत्तर दिलं थेट १६७८ साली. गंमत म्हणजे स्प्रिंगच्या चापाचं अमेरिकेतलं सुरुवातीचं पेटंट १८९४ साली ज्याला मिळालं त्याचं नाव विल्यम हूकर. हूक आणि हूकर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तुमच्या गाडीत दोघंही बसलेत.

तर समजा तुमच्या चापातून ०.६ ज्यूल मिळाले. गाडीचं वजन १५० ग्रॅम. आता गाडीला किती विरोध होतो ते मोजायचं. त्यासाठी एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या, दोरा सोडवलेली गाडी तिच्यावर ठेवा आणि फळीच्या एका टोकाखाली वह्या सरकवत जा. गाडीला अगदी हलका धक्का दिल्यावर ती वेग न वाढवता, न कमी करता उतरत राहिली, की ते टोक किती वर आलं ते मोजा. दोन सेंटिमीटर असेल तर विरोध गाडीच्या वजनाच्या ०.०२ पट. म्हणजे ०.१५ गुणिले ९.८ गुणिले ०.०२, साधारण ०.०३ न्यूटन. ऊर्जेला याने भागा. उत्तर येतं वीस मीटर.

हे वीस मीटर म्हणजे कमाल मर्यादा. फळी चार सेंटिमीटर उचलावी लागली तर मर्यादा दहा मीटरवर येते. वजन ३०० ग्रॅम झालं तरी दहा मीटरच. आता सांगा, ज्या गाडीची मर्यादा दहा मीटर आहे तिला तुम्ही कितीही भारी दोरा लावलात तरी ती पंधरा मीटर कशी जाणार? अशा वेळी चाप बदलण्यात अर्थ नसतो. पण ज्या गाडीची मर्यादा वीस मीटर आहे आणि जी दीड मीटरवर थांबते, तिच्यात एखादा ढळढळीत दोष आहे. तो सापडतोच.

गपकन की हळूहळू?

गाडी थांबताना कशी थांबते याकडे नीट बघा. डोळ्यांनी कळत नसेल तर फोनचा स्लो-मो मोड लावा आणि कॅमेरा गाडीच्या उंचीवर, जमिनीला टेकवून धरा. वरून काढलेल्या व्हिडिओत काही दिसत नाही. हा फोनचा या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला उपयोग, रीलपेक्षाही.

गाडी गपकन थांबत असेल, त्यातही थांबल्यावर जराशी मागे येत असेल, तर नव्वद टक्के प्रकरण दोऱ्याचं असतं. तुम्ही दोऱ्याचं टोक अ‍ॅक्सलला गाठ मारून, वर फेविक्विकचा थेंब टाकून पक्कं केलंय. दोरा सगळा उलगडला. चाकं अजून फिरतायत, पण आता तोच दोरा अ‍ॅक्सलवर उलट्या दिशेने गुंडाळला जायला लागतो आणि दुसऱ्या टोकाला ताठ उभा असलेला दांडा तो ओढून धरतो. म्हणजे तुमच्या इंजिनाचाच ब्रेक झाला. गाडी थांबल्यावर अ‍ॅक्सलकडे बघा, दोऱ्याचे एक-दोन वेढे उलटे पडलेले दिसतील.

उपाय सोपा आहे. अ‍ॅक्सलवर छोटासा खिळा, टाचणीचा तुकडा किंवा झिप टायचं कापलेलं टोक चिकटवून एक खुंटी तयार करा. दोऱ्याच्या टोकाला सैल फास करा. फास खुंटीत अडकवून दोरा गुंडाळायचा. ताण आहे तोवर फास अडकून राहतो, दोरा संपला की निसटून पडतो आणि गाडी मोकळी धावत राहते. खुंटी फार लांब किंवा आकड्यासारखी वाकलेली नको, नाहीतर फास निघतच नाही. दोऱ्याची लांबी बघताना दांडा पूर्ण पुढे पाडा. त्या स्थितीत फास खुंटीपर्यंत जेमतेम पोचायला हवा. दोरा आखूड असेल तर दांडा अर्ध्यातच सुटतो आणि उरलेली ऊर्जा हवेत जाते, लांब असेल तर सैल पडलेला दोरा चाकात अडकतो.

दीड मीटरवाल्या बहुतेक गाड्या या एका फासाने पाच-सहा मीटरवर जातात. ग्रुपमध्ये एकदम उत्साह येतो. इथेच खरी अडचण सुरू होते, कारण आता गाडी ‘चालते’, आणि चालणाऱ्या गाडीत दोष शोधणं अवघड असतं.

गाडी हलतच नाही, किंवा जागेवरच गरगरते

ही दोन एकमेकांची उलटी दुखणी. मुळाशी एकच गोष्ट आहे, स्प्रिंगचा जोर आणि चाकाचा जोर यांच्यातलं नातं.

स्प्रिंग दांडा फिरवते, दांडा दोरा ओढतो, दोरा अ‍ॅक्सल फिरवतो, अ‍ॅक्सल चाक फिरवतं, चाक फरशीला मागे ढकलतं. ही साखळी कुठे तुटते ते बघा. दांडा हलला पण अ‍ॅक्सल नाही, तर दोरा घसरतोय. अ‍ॅक्सल फिरलं पण चाक नाही, तर सीडी अ‍ॅक्सलवर नुसती बसलेली आहे. सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं असतं आणि अ‍ॅक्सल जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं. मधली जागा गरम ग्लूने भरली तर वरवर घट्ट वाटतं पण धक्का बसला की सुटतं. नळाचे रबरी वायसर किंवा बाटलीचं झाकण मधोमध भोक पाडून वापरा आणि मग चिकटवा. खात्री करायची तर चाक आणि अ‍ॅक्सल दोन्हींवर मार्करने एका रेषेत खूण करा. दोन धावांनंतर खुणा एका रेषेत नसतील तर चोर सापडला.

चाक फिरलं पण गाडी नाही, तर ग्रिप नाही. सीडीची कड गुळगुळीत, त्यात टाइलवर धूळ. मोठ्या फुग्याचा मधला पट्टा कापून सीडीवर ताणून बसवा आणि प्रत्येक धावेआधी ओल्या फडक्याने पुसा. घसरण मोजताही येते. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी ३७.७ सेंटिमीटर पुढे जायला हवी. स्लो-मो व्हिडिओत चाकावरच्या खुणेच्या दहा फेऱ्या मोजा. गाडी ३ मीटर ७७ सेंटिमीटर गेली नसेल, तर जेवढी कमी गेली तेवढी ऊर्जा फरशी पुसण्यात खर्च झाली. अंतर मोजायला टेप शोधत बसू नका. दोन बाय दोनची टाइल म्हणजे ६० सेंटिमीटर, कॉरिडॉरभर पट्टीच आखलेली आहे.

आता गाडी हलतच नसेल तर काय? दांडा ताणलेला, दोरा ताठ, सगळं जागच्या जागी पक्कं, तरी गाडी ढिम्म. अशा वेळी पहिल्यांदा दांड्याच्या लांबीकडे बघा. यूट्यूबवर पाहून लांब केला होता ना?

दांडा २५ सेंटिमीटरचा असेल आणि तो १८० अंशांत फिरत असेल, तर त्याचं टोक दोरा साधारण ५० सेंटिमीटर ओढतं. अ‍ॅक्सल पाच मिलिमीटर जाड आणि चाक १२० मिलिमीटर, म्हणजे गुणोत्तर २४. पन्नास गुणिले चोवीस, बारा मीटर. एवढ्या अंतरापर्यंत स्प्रिंग गाडीला ढकलत राहील. पण तिच्याकडे ०.६ ज्यूलच आहेत. बारा मीटरवर वाटले तर सरासरी जोर ०.०५ न्यूटन. विरोध ०.०३ होता, म्हणजे गाडी चालली. आता दांडा ५० सेंटिमीटर करा. ढकलण्याचं अंतर २४ मीटर झालं आणि सरासरी जोर ०.०२५ न्यूटनवर आला. विरोधापेक्षा कमी! गाडी हलणार नाही, किंवा सुरुवातीला स्प्रिंग पूर्ण पिळलेली असताना चार पावलं टाकेल आणि दांडा अर्ध्यात उभा ठेवून थांबेल. हा दांडा अर्ध्यात अडकलेला दिसला की ओळखा, गियर उंच पडलाय.

लगेच दांडा कापू नका. अ‍ॅक्सलवर, जिथे दोरा गुंडाळता तिथे, इलेक्ट्रिकलच्या टेपचे काही वेढे द्या. अ‍ॅक्सल जाड झालं की गुणोत्तर उतरतं आणि जोर वाढतो. नाही जमलं तर टेप सोलून काढता येते, कापलेला दांडा परत जोडता येत नाही. याच्या पुढची युक्ती म्हणजे टेप सगळीकडे सारखी न देता एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ द्यायची आणि दोऱ्याचे शेवटचे वेढे जाड भागावर आणायचे. सुटताना हेच वेढे आधी उलगडतात, म्हणजे निघताना जोर जास्त आणि वेग आल्यावर चाल लांब. जुन्या स्प्रिंगच्या घड्याळांत शंकूसारखी एक चाकी असायची, फ्यूझी तिचं नाव. ती हेच गणित वापरून स्प्रिंगचा उतरत जाणारा जोर सांभाळून घ्यायची. तुमच्या टेपच्या गुंडाळीमागे काहीशे वर्षांची घड्याळजींची अक्कल आहे.

इथे हुशार वाचक विचारेल, ऊर्जा तीच आणि विरोध तोच, तर मग आखूड दांड्याने जोरात ढकललं काय आणि लांब दांड्याने हळू ढकललं काय, अंतर तेवढंच यायला हवं! कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात जोरात सुटणाऱ्या गाडीची चाकं घसरतात, ती डगमगते, हवा जास्त अडवते आणि दांडा शेवटी पट्टीवर थाडकन आपटतो. तो आवाज येतो ना, ती तुमचीच ऊर्जा. म्हणून अंतराच्या स्पर्धेत गाडी आरामात, मुंगीच्या चालीने निघालेली बरी. वेगाची स्पर्धा असेल तर गणित वेगळं, तिथे दांडा आखूड आणि चाकं लहान.

दांडा कशाचा करावा, हा प्रश्न हमखास येतो. आइस्क्रीमच्या काड्या जोडलेला दांडा वाकतो आणि वाकण्यात ऊर्जा खातो. जुन्या छत्रीची काडी बघा, हलकी आणि ताठ, आणि पावसाळा संपला की प्रत्येक घरात एक तरी मोडकी छत्री असतेच. चापाची जागा ठरवताना एवढंच पाहायचं, की ताणलेल्या अवस्थेत दांड्याचं टोक बरोबर अ‍ॅक्सलच्या वर यावं. टोक अ‍ॅक्सलच्या पलीकडे गेलं तर सुटल्यावर सुरुवातीला दोरा ताणला जाण्याऐवजी सैलच पडतो. आणि दोरा रबरासारखा ताणला जाणारा नको. चप्पल-बूट शिवायचा मेण लावलेला दोरा या कामाला उत्तम. मांजा वापरायचा मोह टाळा, बोटं कापतात.

भिंतीच्या प्रेमात पडलेली गाडी

बारा मीटरची ताकद असलेली गाडी सहाव्या मीटरला भिंतीला धडकते, हे दृश्य प्रत्येक स्पर्धेत दिसतं. लोक हसतात, ग्रुप म्हणतो ‘फरशीला उतार होता’. कधी कधी असतोही. गाडी उलट्या दिशेने सोडून बघा. तरीही गाडीच्या त्याच बाजूला वळली तर उतार निर्दोष सुटला.

मग दोष बहुतेकदा दोन अ‍ॅक्सल एकमेकांना समांतर नसण्यात असतो. किती नसावेत? समजा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २५ सेंटिमीटर आहे आणि पुढचं अ‍ॅक्सल फक्त एका अंशाने तिरकं बसलंय. गाडी साधारण १४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरणार. दहा मीटर चालेपर्यंत ती सरळ रेषेपासून तीन मीटरपेक्षा जास्त बाजूला गेलेली असेल. आणि एक अंश म्हणजे प्रत्यक्षात किती? १२ सेंटिमीटर रुंद अ‍ॅक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर पुढे. दोन मिलिमीटर! पट्टीने अंदाजे खूण करून, ग्लू गनने चिकटवलेल्या कुठल्याही गाडीत एवढी चूक असते.

म्हणून डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. मागच्या आणि पुढच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा. मग कर्ण मोजा, गवंडी चौकट काटकोनात आहे का बघताना मोजतो तसे. पुढच्या अ‍ॅक्सलची एक बाजू पक्की आणि दुसरी जराशी सरकवता येईल अशी ठेवलीत, तर मैदानात जाऊनही सुधारता येतं. कडेला कागदाची एक घडी घातली तरी फरक दिसतो. सीडी अ‍ॅक्सलला काटकोनात बसली नसेल तर गाडी वळण्यापेक्षा झुलत जाते, तेही स्लो-मोमध्ये लगेच कळतं.

घर्षणाबद्दल थोडक्यात. अ‍ॅक्सल स्ट्रॉमध्ये फिरत असेल तर स्ट्रॉ चेपली जाते, त्यापेक्षा धातूची बारीक नळी किंवा अ‍ॅक्सल बारीक असेल तर संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफील बरी. धातूवर धातू असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. लाकूड किंवा पुठ्ठा असेल तर तेल बिलकुल नको, लाकूड फुगतं आणि धूळ धरते. तिथे ६बी पेन्सिलचं टोक घासून काढलेली भुकटी घाला. फिजेट स्पिनरमधली बेअरिंग लावून गाडी उलट मंदावल्याची तक्रार बरेच जण करतात. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असेल तर दीडशे ग्रॅमच्या गाडीला तेच ग्रीस चिखलासारखं वाटतं. चाकाची आतली कड चेसिसला घासत नाही ना, तेही बघा. मधे एक बारीक वॉशर सरकवला की काम होतं.

आणि बोटं सांभाळा. दांडा जोडलेला चाप मूळ चापापेक्षा लांबवर फटका मारतो. दांडा ताणताना चेहरा बाजूला, चष्मा असेल तर घातलेला, आणि मित्राला ‘सोड’ म्हणायच्या आधी आपला हात काढलेला. उंदरासाठी जे बसायचं ते तुम्हाला बसायला नको.

एका वेळी एकच

हे सगळं वाचून आज रात्री सगळं एकदम करायला जाल. नका करू. एक वही घ्या, किंवा फोनमधली नोट. काय बदललं, तीन धावांची अंतरं किती आली, थांबताना गाडी कशी थांबली, एवढं लिहा. तीन धावा यासाठी की एका धावेत दोरा कसा गुंडाळला गेला त्यावरही मीटरभर इकडे-तिकडे होतं. एक धाव सात मीटर आली म्हणून नाचलात आणि पुढच्या दोन पाच मीटर आल्या, तर गाडी पाच मीटरचीच आहे. मग दुसरा बदल. फरक पडला नाही तर पहिल्यासारखं करून पुढे चला. वेळ लागतो, चौघांपैकी दोघं कंटाळून मेसला जातात, पण पहाटेपर्यंत तुम्हाला तुमची गाडी ओळखीची होते.

या ओळखीचा उपयोग मी प्रत्यक्ष पाहिलाय. एका कॉलेजात परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी एक सवय लावून घेतली होती. गाडी धावून आली की ते शांतपणे तिचं काहीतरी बिघडवायचे. फास काढून गाठ मारायची, पुढचं अ‍ॅक्सल जरा तिरकं करायचं, चाकाच्या आत कागदाचा बोळा कोंबायचा. ‘आता चालवा, आणि चालली नाही तर का ते सांगा.’ सगळ्यात देखण्या गाडीच्या ग्रुपला घाम फुटला, कारण ती गाडी बाहेरच्या दुकानातून विकत आणलेली होती. कॉलेजच्या गेटबाहेर रेडीमेड प्रोजेक्ट मिळतात हे गुपित राहिलेलं नाही. सगळ्यात ओबडधोबड गाडीवाल्या मुलींनी मात्र गाडी उचलली, चाक बोटाने फिरवून ऐकलं आणि म्हणाल्या, ‘सर, डावीकडे घासतंय.’ त्यांची गाडी अंतरात तिसरी आली होती. व्हायवात त्यांना सरांनी वीस मिनिटं बसवून घेतलं, बाकीच्यांची सुटका पाच मिनिटांत झाली.

मला व्यक्तिशः ती रेडीमेड गाडी विकत घेणाऱ्यांचा फारसा राग येत नाही. आपल्या लॅबमध्ये प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत असतं, रीडिंग त्या उत्तराला जुळेल असं लिहिलं जातं, आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं. चालत नसलेली वस्तू हातात देऊन ‘का ते शोध’ असं चार वर्षांत किती वेळा सांगितलं जातं? पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कित्येक वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवून दाखवली, ती शाळकरी मुलांसाठी म्हणून आपण कॉलेजवाले त्यांच्याकडे बघत नाही. बघायला हवं. शंभर-दोनशे रुपयांत होणारी, रात्रीतून पाच वेळा बिघडणारी वस्तू प्रयोगशाळेतल्या महागड्या मशीनपेक्षा जास्त प्रश्न विचारते.

आता परवाचं. स्पर्धा कॉरिडॉरमध्ये आहे की ऑडिटोरियममध्ये, हे आधीच विचारून ठेवा. शहाबादी फरशी, गुळगुळीत टाइल आणि लाकडी स्टेज, तिन्हीवर एकच गाडी तीन वेगवेगळी अंतरं देते. शक्य असेल तर आदल्या दिवशी तिथेच फळीचा प्रयोग करा. चापाच्या स्प्रिंगला हात लावायची परवानगी आहे का, वजनाची मर्यादा आहे का, अंतर सरळ रेषेत मोजणार की गाडी जाईल तसं, हे नियमात वाचा. सरळ रेषेत मोजणार असतील तर आजचा शेवटचा तास अ‍ॅक्सल समांतर करण्यात घालवा, चाप बदलण्यात नाही. आणि जाताना एका डब्यात टेप, जादा दोरा, फेविक्विक, दोन फुगे, ओलं फडकं, पट्टी आणि पेन्सिलची भुकटी टाका. बसमध्ये गाडी मांडीवर धरा, बॅगेत कोंबू नका. पुढचं अ‍ॅक्सल दोन मिलिमीटर सरकायला बॅगेतली एक वही पुरते.